यशवंतचा वारा बरोबर होता

वारा बरोबर सांगितला होता. ट्रिगर मी झटकला. गोळी माझ्या खांद्यामुळे चुकली, हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी ते सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं सांगितलं नाही. या आठवणीत एक स्वस्तातली रायफल आहे, माझी बायको आहे, कॅनडातलं एक सपाट माळरान आहे, आणि त्यातलं बरंच काही मला मनापासून आवडतं. पण सुरुवात याच वाक्यांनी करायला हवी.

लष्कराबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. स्नायपर एकटा फक्त सिनेमात असतो. प्रत्यक्षात दोघं पोटावर पडलेले असतात, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. एक शूटर, एक स्पॉटर. शूटरला दुर्बिणीतून निशाणापलीकडे फारसं दिसत नाही. स्पॉटरची दुर्बीण मोठी. तो गवत बघतो, धूळ बघतो, उन्हानं थरथरणारी हवा बघतो आणि वारा सांगतो. 'उजवीकडून, एक रेघ' म्हणजे दुर्बिणीतली एक रेघ उजवीकडे धरायची. शूटरनं वाद घालायचा नाही.

गोळी सुटली की एक रिवाज असतो. गोळी कुठे लागली हे स्पॉटर लगेच सांगत नाही. आधी विचारतो, "कॉल?" ट्रिगर सुटला तेव्हा निशाण कुठे होतं, हे शूटरनं सांगायचं. तो 'मध्यावर' म्हणाला आणि गोळी डावीकडे पडली, तर वारा चुकला. तो 'झटका बसला' म्हणाला, तर वारा बरोबर आणि माणूस चुकला. पुढची गोळी या उत्तरावर ठरते. हे उत्तर कुणालाही बाहेरून तपासता येत नाही.

आमची पोस्ट ताबारेषेवर होती. तेव्हा दोन्ही बाजूंनी रोज फायर चालायचं. मी हवालदार होतो. माझा स्पॉटर लान्स नाईक यशवंत, तासगावकडचा, घरची द्राक्षबाग. त्याला मी शिकवलं म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा; वाऱ्याच्या बाबतीत मात्र तो माझ्या पुढे निघून गेला होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. बंकरमध्ये सकाळी उठून म्हणायचा, "उस्ताद, आज वारा दोन रेघा. त्यातली एक तुमच्या घोरण्याची."

पोस्टवर पाणी नव्हतं. झरा खाली नाल्यात होता आणि तिथं जाणाऱ्या वाटेचा एक टप्पा उघड्यावर होता. समोरच्या बंकरच्या फटीतून एक शूटर त्या टप्प्यावर गोळी टाकायचा. आमचा एक जवान त्यात जखमी झाला. मेजर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"झऱ्याची वाट मला मोकळी पाहिजे."

"जी, साहेब."

ऑर्डर एवढीच होती.

आम्ही अंधारात जागा घेतली आणि उजाडेपर्यंत पडून राहिलो. फट दिसू लागली. अंतर सहाशे मीटरच्या आसपास. समोरचा माणूस फटीशी आला तेव्हाच रेडिओ बोलला, "वॉटर पार्टी निघाली. ओव्हर." ठरल्यापेक्षा ते लवकर निघाले होते. पुढे शिपाई विलास होता. सगळ्यांत आधी पाण्याला निघणारा नेहमी तोच.

"वारा उजवीकडून. एक रेघ," यशवंत म्हणाला. "घ्या."

मी घाई केली. बोट दाबत गेलं नाही, झटकलं. खांदा पुढे आला. फटीच्या डाव्या बाजूला दगडाची धूळ उडाली.

"कॉल?"

"मध्यावर," मी म्हणालो.

का म्हणालो, ते मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. मी उस्ताद होतो. रिक्रूटच्या हातून होणारी चूक माझ्या हातून झाली होती. तोंडातून 'मध्यावर' निघून गेलं.

समोरचा हलला नव्हता. गोळी कुठून आली, ते बहुधा त्याला कळलं नव्हतं. यशवंतनं माझ्या शब्दावर हिशेब केला. "मग माझा वारा कमी पडला. दोन धरा. घ्या."

मी दोन धरल्या. या वेळी ट्रिगर साफ दाबला. गोळी बरोबर तेवढीच उजवीकडे गेली. त्यानंतरची गोळी समोरून आली. रेडिओवर आवाज आला, "वन कॅज्युअल्टी. विलास." मग, "विलास इज नो मोर. ओव्हर." पुन्हा फटीकडे पाहिलं तेव्हा ती रिकामी होती.

संध्याकाळी मेजर साहेबांसमोर यशवंत सावधान उभा राहिला. "साहेब, वारा माझ्याकडून चुकला. एकदा कमी सांगितला, एकदा जास्त."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हवालदार?"

"जी, साहेब," मी म्हणालो.

त्या 'जी, साहेब'चा काहीही अर्थ घेता येत होता. साहेबांनी सोयीचा घेतला. शिक्षा कुणालाच झाली नाही. यशवंतनं स्वतःच टीममधून नाव काढून घेतलं आणि तो स्टोअरला गेला. तिथूनच पेन्शनवर निघाला. दर वर्षी पावसाळ्याआधी तो विलासच्या गावी जाऊन त्याच्या आईच्या घराची कौलं परततो. छपरावरून काढलेला फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. मी त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचो.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. माझी बायको विजया स्टाफ नर्स. तिला कॅनडात, सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायनाला नोकरी आणि पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला. मी आणि आमची मुलगी तिच्यावर अवलंबून, म्हणजे डिपेंडंट म्हणून गेलो. आयुष्यभर प्लाटूनला हुकूम सोडलेल्या माणसाला इमिग्रेशनच्या काउंटरवर "यू आर द डिपेंडंट?" असं विचारलं, तेव्हा विजया माझ्या वतीनं "येस" म्हणाली आणि गाडीत बसेपर्यंत हसत राहिली. मला स्कूल बस चालवायचं काम मिळालं. सकाळी मुलं नेणं, दुपारी आणणं, हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ उपसणं. मधल्या वेळात घर फार शांत असायचं.

२०१६ च्या सुमारास स्वस्तात लांब पल्ल्याच्या रायफली मिळू लागल्या होत्या. आमच्या वेळी असली अचूकता सरकारी शस्त्रागारातच बघायला मिळायची. आता आउटडोअर सामानाच्या दुकानात, मासेमारीच्या गळांशेजारी, जाड नळीची, प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट ओढायची रायफल टांगलेली होती. किंमत आमच्या गाडीला घातलेल्या विंटर टायर्सएवढी. मी दुकानात तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी दुकानदार म्हणाला, "सर, ती अजून इथेच आहे."

लायसन्ससाठी कोर्स करावा लागला. वर्गात मिसरूड फुटलेली मुलं आणि मी. शिकवणाऱ्यानं विचारलं, "एनी एक्स्पीरियन्स?" मी म्हणालो, "सम." परीक्षेत बोल्ट उघडण्याआधी मी नळी क्षणभर छताकडे नेली म्हणून त्यानं माझे मार्क कापले. कापायलाच हवे होते. अर्जावर जोडीदाराची सही लागते. विजयानं पेन हातात घेतलं आणि थांबली.

"एका अटीवर. एकटं जायचं नाही."

"मग कोण येणार?"

"मी. दुसरं कोण रिकामं आहे तुमच्यासाठी?"

तिला माझी काळजी होती. निवृत्त माणूस, बंदूक आणि कॅनडातला हिवाळा हे तिनं हॉस्पिटलमध्ये पाहिलं होतं. तेव्हा तिनं हे बोलून दाखवलं नाही.

त्या रायफलवर मी प्रेम केलं, यात लपवण्यासारखं काही नाही. दस्ता प्लास्टिकचा, ठोकला तर रिकाम्या डब्यासारखा वाजायचा. बोल्ट पहिले काही महिने वाळू खाल्ल्यासारखा चालायचा. दुर्बीण रायफलीपेक्षा महाग पडली. गाल टेकवायची जागा खाली होती, म्हणून मी विजयाच्या जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून हॉकी टेपनं बांधला. मॅट जांभळी होती. मी जायचो त्या नेमबाजीच्या क्लबातले लोक येऊन बघायचे, हसायचे आणि मग शंभर मीटरवरचा कागद बघायचे. पाच गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची. मग कुणी हसायचं नाही. साफसफाई मी बेसमेंटमध्ये करायचो. मुलगी जिन्यावरून विचारायची, "बाबा, आर यू टॉकिंग टू इट?" मी बोलत असायचो, हे खरं आहे.

क्लबची रेंज शहराबाहेर, गव्हाच्या शेतांच्या मध्ये होती. लाल झेंडा वर, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे, कानांवर आवाज अडवणारे मफ. सहाशे मीटरवर साखळीला लोखंडी पाटी टांगलेली. आणि वारा. रिजायनाच्या वाऱ्याला अडवायला डोंगर नाही, टेकडी नाही, धड झाडही नाही. तो निघतो आणि थेट येतो. अशा ठिकाणी स्पॉटरशिवाय गोळी म्हणजे अक्षता टाकणं.

विजया घडीच्या खुर्चीत बसायची, मांडीवर चिवड्याचा डबा, समोर स्टँडवर मोठी दुर्बीण. मी तिला शिकवलं. ती माझ्या भाषेत शिकली नाही, स्वतःच्या भाषेत शिकली.

"तवा तापल्यावर वरची हवा थरथरते ना, तशी दिसतेय. उजवीकडून पळतेय."

"किती पळतेय?"

"दूध उतू जाण्याआधी पळतं, तेवढी. एक रेघ धरा. आणि अहो, पोट आत घ्या, खुर्चीतून मला फक्त पोटच दिसतंय."

पाटी वाजली की आवाज जरा उशिरानं परत यायचा, लांबच्या देवळातल्या घंटेसारखा. विजया प्रत्येक वेळी टाळी वाजवायची. रेंज ऑफिसर म्हणाला, अशी स्पॉटर क्लबात दुसरी नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ती खरोखर चांगली झाली. नाइट शिफ्ट करून आली तरी रविवारी दुर्बीण तीच गाडीत ठेवायची. माझ्या नोकरीच्या वर्षांत आम्ही एकत्र असं काहीच केलं नव्हतं.

ऑगस्टमधला एक रविवार. वारा चढ-उतार करत होता. विजयानं बराच वेळ बघितलं.

"थांबा... थांबा. आता. उजवीकडून दीड."

शेजारच्या बेंचवरच्या माणसानं त्याच वेळी फायर केलं. मी दचकलो. खांदा पुढे आला. पाटीच्या डावीकडे माती उडाली.

"कॉल?" विजयानं विचारलं. हा रिवाज मीच तिला शिकवला होता.

"मध्यावर," मी म्हणालो.

ती दुर्बिणीला डोळा लावून तशीच राहिली. मग सरळ बसली. "म्हणजे माझा वारा चुकला. तीनदा बघितला होता मी." तिनं दुर्बिणीवर झाकण घातलं. "मला नाही जमत हे. तुम्ही क्लबातलं कुणीतरी घ्या."

समोर शत्रू नव्हता. वाटेवर विलास नव्हता. मी कुणाचा उस्ताद नव्हतो. एका लोखंडाच्या पाटीसाठी, चिवडा खात बसलेल्या माझ्या बायकोपुढे, तेच खोटं माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो की त्या सकाळी प्रसंगच तसा होता. इथं तर प्रसंगच नव्हता.

मी रायफल रिकामी केली, बोल्ट उघडा ठेवला आणि उठलो.

"विजू, वारा बरोबर होता."

"आता मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"नाही. मी दचकलो. खांदा आला. मला कळलं होतं."

"मग मध्यावर का म्हणालात? कोण बक्षीस देणार होतं?"

मी तिच्या खुर्चीशेजारी गवतावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. झरा, फट, एक रेघ, दोन रेघा, 'जी, साहेब'. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. पेशंटचं ऐकताना ती जशी बसते तशी बसली होती.

"दर वर्षी यशवंत भावजी कौलांवर चढतात, ते यासाठी?"

"हो."

"आणि तुम्ही खाली हात जोडता."

 तिनं थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला.

"आज फोन करतो त्याला," मी म्हणालो.

"फोनवर नको. फोनवर तुम्ही हवामानावर बोलता. मी तिकिटं बघते."

डिसेंबरच्या सुट्टीत, बस बंद झाल्यावर, आम्ही निघालो. तासगावला यशवंतच्या अंगणात विजया त्याच्या बायकोबरोबर घरात गेली आणि मी बागेत गेलो. द्राक्षांवर औषध मारायचं चाललं होतं. यशवंत जाड झाला होता. त्यानं मला सॅल्यूट केला, मग मिठी मारली.

"काय उस्ताद, कॅनडात जांभळी बंदूक घेतली म्हणं? वहिनींनी फोटो पाठवला. लग्नाची हाय का काय?"

मी हसलो. तो पंप पाठीला लावून घराकडे ओरडला, "अगं, वारं कुठनं हाय?" घरातून बायकोनं उत्तर दिलं. मग त्यानं तोंड फिरवून फवारा सुरू केला.

"तू वारा बायकोला विचारतोस?"

"माझा भरवसा न्हाय, उस्ताद. तुमास्नी तर म्हाईत हाय."

मी त्याला पंप बंद करायला सांगितलं. मग सांगितलं. रिपोर्ट देतात तसं सांगितलं, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. पहिल्या गोळीला एक रेघ बरोबर होती. ट्रिगर मी झटकला. कॉल खोटा दिला. त्यामुळे दोन रेघा झाल्या.

यशवंतनं वेलीचं एक पान बोटांत धरलं.

"दुसऱ्या गोळीला एकच धरली असती तर?"

"लागली असती."

"ती साफ होती?"

"साफ होती."

"आन् विलास?"

"पाणी घेऊन वर आला असता."

"स्टोअरला पोरं मला 'वारं' म्हणून हाक मारायची," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "'ए वारं, साबण काढ.' 'ए वारं, आज कुठनं?' तुम्ही ऐकलं हुतं."

"ऐकलं होतं."

"एकदा तुमीबी हसला हुता."

ते मला आठवत नव्हतं. पण त्याला आठवत होतं, म्हणजे मी हसलो असणार. त्यानं पंप पुन्हा पाठीला लावला आणि राहिलेली ओळ पुरी केली. मी तिथंच उभा राहिलो. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. औषधानंही होतात.

"चला. गाडीवर बसा."

"कुठं?"

"मावशीकडं. हे तिनंबी ऐकायला पायजे."

विलासची आई ओट्यावर शेंगा फोडत होती. यशवंत आल्याचं बघून तिला नवल वाटलं. "अरं, आत्ता कसा? पाऊस तर लई लांब हाय." मी तिच्या समोर जमिनीवर बसलो आणि तोच रिपोर्ट पुन्हा दिला, तिला कळेल अशा शब्दांत. तिचे हात शेंगांवर थांबले. आतल्या भिंतीवर युनिफॉर्ममधला विलास होता. इतका लहान तो होता, हे मी विसरलो होतो.

ती माझ्याकडे न बघता यशवंतकडे वळली.

"म्हंजी तुझं काय चुकलं न्हवतं?"

"न्हाय, मावशी."

"मग इतकी वरसं छपरावर कशाला चढत हुतास?"

"आता तुमची कौलं दुसरं कोण परतणार, मावशी?" यशवंत म्हणाला. तिनं हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच राहिला.

मग तिनं मला विचारलं, "तिथं पाणी आणायला त्यो का जायचा? त्याची पाळी हुती?"

"नाही, आई. त्याची पाळी नसली तरी जायचा. खाली झऱ्यावर गाणं म्हणायला मिळतं म्हणायचा. वर पोस्टवर आवाज करायची बंदी होती. दोन्ही हातांत जेरीकॅन घेऊन तो गात वर यायचा, आणि पोस्ट जवळ आली की गप्प व्हायचा. पाणी आलं हे आम्हाला त्याचं गाणं थांबल्यावर कळायचं."

"घरात एक कळशी उचलायचा न्हाय," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला. यशवंतही हसला. तो म्हणाला, विलासला एकाच गाण्याचं एकच कडवं येत होतं आणि तेही तो चुकीचं म्हणायचा. मग तिघंही थोडा वेळ त्याच्याबद्दलच बोललो. तो कसा जेवायचा, कुणाची नक्कल करायचा, सुट्टीवरून येताना तिनं दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या कशा पहिल्याच दिवशी वाटून टाकायचा. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. यशवंत इतकी वर्षं येत होता, पण अपराध्यासारखा यायचा, छपरावर चढायचा आणि उतरून निघून जायचा.

निघायची वेळ झाली. मी उठलो. यशवंत उठला नाही.

"उस्ताद, रिपोर्ट झाला," तो म्हणाला. "माफी राहिली."

खरं होतं. मी दोन ठिकाणी सगळं सांगितलं होतं आणि तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

मी चपला काढल्या. आधी यशवंतसमोर वाकलो. त्यानं मला अडवलं नाही. मग आईच्या पायांवर डोकं ठेवलं. शेवटी आत जाऊन विलासच्या फोटोसमोर उभा राहिलो, सावधान, आणि मोठ्यानं म्हणालो, म्हणजे ओट्यावरच्या दोघांनाही ऐकू जाईल.

"शिपाई विलास. त्या सकाळी मी खोटा कॉल दिला. त्यात तू गेलास, आणि यशवंतला मी जिवंतपणी त्याची शिक्षा भोगू दिली. चूक माझी होती. मला माफ कर."